बगीच्यात ‘काहीच दिसत नाही’, त्याचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर इंदूरच्या विजय नगरात, सातव्या मजल्यावर. मुलगी चौथीत. रविवारी तिला मेघदूत उपवनात नेता, पण दहा मिनिटांत तिचं पाहून होतं आणि खरं सांगायचं तर तुमचंही. निसर्गातल्या बारीकसारीक गोष्टींत विस्मय शोधावा असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण तुम्हाला झाड दिसतं, गवत दिसतं, फार तर खार दिसते. कान्हा-पेंचच्या वाऱ्या वरचेवर जमण्यासारख्या नाहीत. मग सुरुवात कुठून करायची, दुर्बीण घ्यायची का, आणि झाडापक्ष्यांची नावं मुलीकडून पाठ करून घ्यायची का?

मी इथल्याच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. निवृत्त झाल्यापासून रविवारी सकाळी मुलांचा आणि त्यांच्या आईबापांचा घोळका घेऊन हिंडते, त्यामुळे ‘काहीच दिसत नाही’ हे वाक्य माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. असं म्हणणारी माणसं आळशी नसतात की अरसिकही नसतात. कसं वाटायला हवं एवढंच त्यांना सगळ्यांनी सांगितलेलं असतं, बघायचं काय ते कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून माझा पहिला सल्ला जरा उलटा वाटेल. विस्मय शोधायला जाऊच नका. ‘बघ, किती सुंदर!’ असं आपण म्हणतो, मूल ‘हो’ म्हणतं, आणि विषय तिथंच मिटतो. सुंदर म्हणून झाल्यावर पुढे विचारायला उरतं काय? त्याऐवजी मुलीला विचारा, ‘इथं कोण कामाला लागलंय?’ बगीच्यातल्या कुठल्याही हातभर जागेत कुणी ना कुणी काहीतरी करत असतं: वाहून नेतंय, कुरतडतंय, लिंपतंय, लपतंय, वाट बघतंय. ते काम एकदा नजरेला पडलं की प्रश्न आपोआप येतात. सामान कुठून आणलं? अडचण काय आहे? अर्धवट टाकून का गेली? आणि अशा प्रश्नांच्या मागे लागलेलं मूल अर्धा तास जागचं हलत नाही. मोठी माणसंही हलत नाहीत, पण ती कबूल करत नाहीत.

आता हे सगळं हवेत राहू नये म्हणून एकच काम नीट बघू. त्यासाठी बगीच्यातही जायला नको. बाल्कनीच्या छताकडचे कोपरे, खिडकीच्या चौकटीची वरची बाजू, पडद्यामागची भिंत, एसीच्या बाहेरच्या खोक्यामागची जागा बघून घ्या. बहुतेक घरांत कुठे ना कुठे वाळक्या मातीचं एखादं लिंपण सापडतं. कामवाल्या मावशींच्या झाडूतून ते वाचलेलं असलं म्हणजे झालं. हे कुंभारणीचं घर. आपण कुंभारीण म्हणतो त्यात खरं तर एकाहून अधिक जातींच्या गांधीलमाश्या येतात, आणि त्यातली आपल्याकडची कोणती हे तिच्या कामावरूनच ओळखता येतं. पावसाळ्यात पार्किंगमधल्या डबक्याच्या काठाशी बसून ओल्या चिखलाचे गोळे उचलणारी असते ती नळीसारख्या खोल्या शेजारी शेजारी रचते आणि त्यांत कोळी भरते. दुसरी कोरड्या मातीवर उतरते. ती पोटात पाणी भरून आणते, मातीवर ते ओकते, जबड्यानं मळते आणि गोळी करून नेते. हिच्या कोठारात अळ्या असतात. या दुसरीतल्या काही जाती एकेकटं मडकं घडवतात, गोल पोट, आखूड मान आणि बाहेर वळवलेला काठ असं, आणि आकार मोठ्या बोराएवढा. चाक नाही, साचा नाही. गोळी काठावर लावायची, जबड्यानं पातळ पसरवायची आणि शिंगांनी आतून-बाहेरून चाचपत पुढे सरकायचं. भिंगातून हे बघायला मिळालं तर मातीचे थर वेगवेगळ्या छटांचे दिसतात. प्रत्येक छटा म्हणजे वेगळी खेप, कदाचित वेगळी खाणही. एक थर सोसायटीच्या कुंडीतला, दुसरा समोरच्या बांधकामावरचा.

मडकं झालं की आत अंडं घालायचं. पण कुठे? तळाशी घातलं तर वरून अळ्यांची भर पडणार, आणि त्या अळ्या मेलेल्या नसतात. मेलेली अळी दोन दिवसांत सडेल, म्हणून कुंभारीण नांगी मारून तिला फक्त लुळी करते. अन्न ताजं राहतं. पण लुळी अळीसुद्धा अधूनमधून वळवळते, आणि त्या वळवळीखाली नाजूक अंडं चिरडू शकतं. कुंभारणीनं काढलेली तोड अशी, की आधी रिकाम्या मडक्याच्या छतापासून एका बारीक धाग्यानं अंडं टांगायचं आणि मग खाली कोठार भरायचं. फ्रान्समध्ये झां-आंरी फाब्र नावाच्या एका शाळामास्तरानं एकोणिसाव्या शतकात मडक्याच्या कुशीला बारीकशी खिडकी पाडून हे पाहिलं. अंड्यातून निघालेलं पिल्लू सुरुवातीला त्या टांगत्या जागेवरूनच खाली तोंड करून खातं आणि खालची गर्दी हलली की वर सरकतं. हा मनुष्य सधन नव्हता, प्रयोगशाळा नव्हती. 1879 मध्ये त्यानं सेरिन्यां गावात दगडगोट्यांची, काटेरी झुडपांची पडीक जागा घेतली आणि उरलेलं आयुष्य तिथल्या गांधीलमाश्या, शेणकिडे, कोळी बघण्यात घालवलं. तुमच्या सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीची तक्रार करण्याआधी ती जागा डोळ्यांपुढे आणा.

आपल्या लोकांनीही हे काम पाहिलेलं होतं, हे मला फार विशेष वाटतं. भ्रमर-कीट न्याय तुम्ही कीर्तनात ऐकला असेल: भृंगी किड्याला धरून मातीच्या घरात कोंडते, तिच्या ध्यासानं किडा स्वतःच भृंगी होतो, तसा भक्त देवाच्या ध्यासानं देव होतो. यातलं निरीक्षण चोख आहे. अळी आत गेली, दार लिंपलं गेलं, आणि पुढे त्याच घरातून बाहेर पडली ती कुंभारीण. दिसलं ते सगळं खरं, फक्त बंद दारामागचं दिसत नव्हतं, तिथं दृष्टांत भरला. मुलीला ही गोष्ट आधी सांगा, मग तिलाच विचारा की आत काय झालं असेल. माझ्या अनुभवानं मुलं तीन-चार वेगवेगळे तर्क काढतात आणि त्यातला एक तरी आपल्या डोक्यात आलेला नसतो.

‘जिवंत अळीला खातं’ हे मुलीला सांगावं का, असा संकोच आईबापांना वाटतो. सांगावं. निसर्ग म्हणजे गोडगोड काहीतरी असं समजून वाढलेलं मूल पुढे एकतर कंटाळतं नाहीतर दचकतं. आणि पुढचा भाग याहून चक्रावणारा आहे. गांधीलमाश्यांमध्ये फलित अंड्यातून मादी होते, अफलित अंड्यातून नर. म्हणजे मुलगा की मुलगी हे आई अंडं घालताना ठरवते, आणि मुलीच्या कोठडीत जास्त अन्न ठेवते, कारण मादी मोठी व्हायची असते. (आमच्या घोळक्यातल्या आज्यांना हे फार आवडतं.) मडकं पुढे फुटलेलं दिसलं की भोक बघा. आतून कुरतडून कुंभारीण निघाली असेल, किंवा तिच्याऐवजी निळ्या-हिरव्या धातूच्या झळाळीची दुसरीच एखादी माशी निघाली असेल. तिची आई कुंभारणीचा डोळा चुकवून त्या घरात आपलं अंडं घालून गेलेली असते. बांधकाम एकीचं, बाळंतपण दुसरीचं.

एवढं सगळं एका मातीच्या लिंपणात. यातलं काही एका बैठकीत दिसत नाही, आणि ते बरंच आहे. सोमवारी मडकं उघडं होतं, बुधवारी बंद झालं, पुढे कधीतरी भोक पडलं. मुलीला शाळेतून आल्यावर धावत जाऊन बघायला काहीतरी मिळतं.

आता घराबाहेर. एक झाड निवडायचं तर मी उंबर निवडीन. इंदुरात उंबराला तोटा नाही. दत्तमंदिर असेल तिथं औदुंबर असायचाच, शिवाय नाल्याच्या कडेनं, जुन्या वाड्यांच्या भिंतींतून आपोआप उगवलेले आहेत. खोडालाच घोस लागलेले दिसले की थांबा. आपण ज्याला फळ म्हणतो ती एक बंद खोली आहे आणि शेकडो बारीक फुलं तिच्या आतल्या भिंतीवर उमललेली असतात. कच्चं, घट्ट, हिरवं फळ धारदार चाकूनं उभं कापा, कापलेली बाजू भिंगाखाली धरा, फुलांच्या ओळी दिसतील. खोलीला देठाच्या विरुद्ध टोकाला एकच दार, तेही एकमेकांवर चढलेल्या खवल्यांनी जवळजवळ बुजलेलं. त्या दारातून दोनेक मिलिमीटरची काळपट माशी आत घुसते. घुसताना पंख तुटतात. बाहेर यायचा प्रश्नच उरत नाही. आधीच्या झाडावरून आणलेले परागकण ती फुलांना पोचवते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते.

पुढच्या पिढीत नर आधी जागे होतात. त्यांना पंख नाहीत, धड डोळे नाहीत, रंग पिवळसर. ते अजून कोठडीत बंद असलेल्या माद्यांशी संग करतात, मग फळाच्या भिंतीतून बाहेरपर्यंत बोगदा खणतात आणि मरून जातात. बोगदा खणला तो माद्यांसाठी. माद्या पराग घेऊन त्या वाटेनं उडतात, आणि त्यांच्या हाती एखादा दिवस असतो. तेवढ्या वेळात नेमक्या अवस्थेतला दुसरा उंबर गाठायचा. एका झाडावरची फळं बहुधा एकाच वेळी तयार होतात, म्हणून स्वतःच्या झाडाचा उपयोग नाही. पण झाडाझाडांचं वेळापत्रक वेगवेगळं असतं. याचा अर्थ असा, की हे चालू राहायचं असेल तर वर्षाच्या कुठल्याही दिवशी, शहरात किंवा आसपास, कुठला ना कुठला उंबर योग्य अवस्थेत असायलाच हवा. रुंदीकरणात एक उंबर गेला की सावली जाते एवढंच आपल्या लक्षात येतं. वेळापत्रकातला एक थांबा गेलेला असतो, तो कुणाच्या हिशेबात नसतो.

हे घरी बघता येतं. पिकायला लागलेली, अजून फारशी मऊ न झालेली तीन-चार फळं काचेच्या बरणीत ठेवा, तोंडाला जुन्या साडीचं फडकं रबरानं बांधा. तुमचा अंदाज बरोबर असला तर सकाळी बरणीच्या काचेवर बारीक माश्या चालताना दिसतील. नसला तर दुसरी फळं आणायची.

आणि झाडापाशी उभे असतानाच फळाच्या बाहेरच्या सालीकडेही बघा. तिथं पाठीमागे केसासारखी लांब शेपटी असलेल्या काही माश्या फिरत असतात. या दाराच्या भानगडीत पडत नाहीत. शेपटीसारखी दिसते ती अंडी घालायची सुई. ती बाहेरूनच सालीत खुपसून थेट आतल्या कोठड्यांपर्यंत पोचवायची आणि दुसऱ्याच्या संसारात आपलं अंडं टाकायचं. केसाहून बारीक सुई कडक सालीत शिरते कशी, वाकत-मोडत कशी नाही, हा प्रश्न बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांना पडला. उंबरावरच्याच माशीवर केलेलं त्यांचं काम 2014 मध्ये प्रसिद्ध झालं. सुईच्या टोकाला दाते आहेत आणि त्या दात्यांमध्ये जस्त आहे. म्हणजे मंदिरामागच्या उंबरावर एक डासाहून लहान प्राणी जस्तानं कडक केलेलं ड्रिल घेऊन काम करतोय, आणि आपण त्याखालून प्रसादाचा द्रोण घेऊन जातो. त्याच सालीवर मुंग्या फिरत असतील तर त्यांच्याकडेही लक्ष द्या. लांब शेपटीच्या माशीला सुई खुपसलेली असताना पटकन उडता येत नाही, आणि मुंग्यांना ते माहीत असल्यासारखं त्या वागतात.

आता मृग लागायला आलाय, तेव्हा पहिल्या पावसाचंही सांगून टाकते, कारण ती संधी वर्षातून एकदाच येते. माळव्याच्या काळ्या मातीत फुगणारी-आकसणारी चिकणमाती भरपूर असते. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. पहिली सर आली की वास येतो, त्याचं कौतुक कवींनी पुष्कळ केलंय. तो वास येतो कुठून? मातीत राहणारे काही जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, त्याचा मोठा वाटा. आपलं नाक त्या द्रव्याला विलक्षण तिखट आहे, हवेत नाममात्र असलं तरी कळतं. मग जिवाणूंनी हा खटाटोप कशासाठी करावा? 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचं एक उत्तर मिळालं. मातीत स्प्रिंगटेल नावाचे उड्या मारणारे बारीक जीव असतात. ते या वासाकडे खेचले जातात, जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगाला लावून, विष्ठेतून इकडेतिकडे पसरवतात. वास म्हणजे वाहतुकीची सोय! आपल्याला तो आवडतो, हा आपला फुकटचा लाभ. कुंडीच्या बशीखाली, सुकलेल्या पानाच्या मागच्या बाजूला हे जीव सापडतात. बोट लावलं की टुणकन गायब होतात, पोटाखाली दुमडलेला एक दांडा सोडून ते उडी घेतात.

त्याच सरीनंतर शहराबाहेर मातीचा तुकडा मोकळा असेल तिथं, खंडवा रोडकडे, चोरलच्या वाटेवर, मृगाचे किडे निघतात. लाल मखमलीचे, बोटभर अंतरावरूनही कापडाचा तुकडा वाटावेत असे. मुलीला पाय मोजायला लावा. आठ भरतील, म्हणजे किडा म्हटलं तरी हा कोळ्या-विंचवांच्या नात्यातला. वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली काढून हे ओल झाली की वर येतात, आणि याच सुमारास वाळवीलाही पंख फुटून ती बाहेर पडते. वाळवी हे त्यांचं खाणं. हातावर घ्यायला हरकत नाही, डबीत भरून घरी आणायला माझी हरकत आहे.

स्वयंपाकघरातही काम चालू असतं. अळूवडीसाठी पानं धुताना पाणी टिकत नाही हे तुमच्या घरात सगळ्यांना माहीत असेल. वडी गुंडाळायच्या आधी एक पान मुलीच्या ताब्यात द्या. त्यावर चिमूटभर हळद भुरभुरवा, एक थेंब सोडा आणि पान हळूच तिरकं करा. थेंब घरंगळत जाताना हळद गोळा करत जातो, मागे स्वच्छ पट्टा राहतो. पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचा बारीक खरबरीतपणा. थेंब टेकतो तो उंचवट्यांच्या शेंड्यांवर, खालच्या फटींत हवा अडकते. पान पाण्यात बुडवून तिरकं धरलं की चांदीसारखं चमकतं, ती चमक त्या अडकलेल्या हवेची. मग पानाचा एक भाग बोटानं चांगला चोळा आणि पुन्हा थेंब सोडा. मेण गेलं, करामत संपली. कमळाच्या पानाचं हेच गुपित जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी 1997 च्या शोधनिबंधात उलगडून दाखवलं आणि त्यावरून स्वतःहून स्वच्छ होणारे रंगसुद्धा निघाले. कमळाला याची गरज का, ते गुलावटला गेलात तर कळेल. तिथं यशवंत सागर धरणाच्या फुगवट्यात कमळं पसरलेली आहेत. पाण्यावर टेकलेल्या पानाची श्वासाची छिद्रं वरच्या बाजूला असतात. तिथं पाणी साचून, धूळ बसून कसं चालेल? गर्दी मात्र फुलांचे फोटो काढते, पानाकडे कुणी बघत नाही.

आपल्या शहराची एक गोष्ट इथं सांगायला हवी, कारण ती याच पठडीतली आहे आणि इंदूरकरांना ती फारशी ठाऊक नाही. 1924 मध्ये इथं होळकर संस्थानाच्या जागेवर वनस्पती उद्योग संस्था निघाली. आज तिथं कृषी महाविद्यालय आहे. तिचे संचालक होते इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड. पीक निरोगी आहे की नाही ते कीड सांगते आणि जमिनीचं शेतकरी सांगतो, म्हणून त्यांनी दोघांना आपले गुरू मानलं होतं. काडीकचरा, शेण, गोमूत्रानं भिजलेली माती आणि राख यांचे थर लावून, ठरावीक दिवसांनी उलटून, सुमारे तीन महिन्यांत खत करायची जी रीत त्यांनी इथं बसवली, तिला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. 1931 मध्ये त्यावर पुस्तक निघालं, आणि त्याचे सहलेखक होते यशवंत वाड. 1935 मध्ये इंदुरात आलेल्या गांधीजींनीही जाऊन हे काम पाहिलं. त्या ढिगात आधी पांढरी बुरशी धावते, मग जिवाणू ताबा घेतात आणि मोठा ढीग साठ अंशांच्या पुढे तापतो. बाल्कनीतल्या कुंडीत तेवढं तापणार नाही, पण सुकी पानं, भाजीची देठं आणि मूठभर माती थरांनी घालून ठेवलीत तर कोण कधी येतं, कोण कुणाला हटवतं, हे सगळं बघायला मिळेल. आम्ही 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवतो आणि मलाही त्याचा अभिमान आहे. पण झाडाखालचं पान न पान रोज झाडून नेलं की बगीच्यातले निम्मे कामगार बेघर होतात, हे कुणीतरी बोलायला हवं. सोसायटीच्या बैठकीत एक कोपरा न झाडण्याचा ठराव मांडून बघा. भांडणं होतील, ती होऊ द्यावीत.

खरेदीबद्दल विचारलंत. दुर्बीण आत्ता नको. दहा पट मोठं दाखवणारं, घडीचं, सोनाराच्या वापरातलं भिंग घ्या, सराफ्यात चौकशी केलीत तर मिळेल. ते धरायची एक रीत आहे आणि ती माहीत नसल्यानं बरीच भिंगं खणात पडून राहतात. वस्तूवर भिंग धरून लांबून वाकून बघायचं नाही. भिंग डोळ्याला अगदी चिकटवायचं आणि वस्तू हळूहळू जवळ आणत जायची, बोटा-दोन बोटांवर आली की लख्ख दिसते. झाडाचं खोड जवळ आणता येत नाही, तिथं आपणच नाक घासायचं. लोक बघतात, बघू देत. पुढे हौस वाढली तर कागदाची घडी घालून होणारा सूक्ष्मदर्शक, फोल्डस्कोप, घ्या. मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डमध्ये तो बनवला, 2014 मध्ये जगापुढे आणला, आणि तो 140 पटीपर्यंत मोठं दाखवतो. मोबाइल पहिला पाव तास खिशात ठेवा. फोटो काढला की आपलं काम झालं असं मनाला वाटतं आणि डोळे थांबतात. त्यापेक्षा मुलीला चित्र काढायला सांगा, कितीही वेडंवाकडं. कुंभारणीची कंबर चित्रात जाड आली की ती पुन्हा बघायला जाते, आणि दुसऱ्यांदा बघताना पहिल्यांदा सुटलेलं सापडतं.

नावांचं म्हणाल तर मी वनस्पतिशास्त्राची, नावांवरच जगले, त्यामुळे नावं नकोत असं कसं म्हणू? पण नाव मागाहून द्या. आधी दिलं की मुलं ते वहीत लिहून पुढे निघतात. ‘काळी, बारीक कमरेची, कोरड्या मातीवर थुंकणारी’ एवढं वर्णन मुलीनं स्वतः केलं की मग ‘तिला कुंभारीण म्हणतात’ हे सांगितलेलं तिच्या लक्षात राहतं. तोवर तिनं स्वतः ठेवलेलं नाव चालू द्या. आमच्या घोळक्यात एका मुलानं स्प्रिंगटेलचं नाव पॉपकॉर्न ठेवलंय आणि आता तेच सगळ्यांच्या तोंडी बसलंय.

जागा बदलत राहू नका. हा माझा हट्ट समजा. दर रविवारी नवा बगीचा, नवा पिकनिक पॉइंट केलात तर दर वेळी पहिल्या दहा मिनिटांचंच बघून होईल. एक झाड, एक भिंत आणि बाल्कनीतला एक कोपरा, वर्षभर. दुर्बिणीची वेळ हिवाळ्यात येईल. सिरपूर तलावावर तेव्हा बदकं उतरतात. पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं चिकाटी धरली म्हणून तो तलाव टिकला, आणि 2022 मध्ये तो महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय, म्हणजे रामसर, यादीत गेला. तोवर तुमच्या मुलीची नजर कामावर बसलेली असेल, आणि शंभर बदकांत एकच का सारखं बुडी मारतंय, हे ती तुम्हाला विचारेल.

उंबराच्या फळांबद्दल एक राहिलं. दत्तमंदिरातल्या औदुंबराचं फळ कापण्यासाठी हवं असेल तर आधी तिथल्या गुरुजींना विचारा, आणि विचारताना आतल्या माश्यांचं वर्णन थोडं आवरतं घ्या. कच्ची फळं रस्त्याकडेच्या झाडाची घेतलेली बरी. चाकूला चीक लागतो, तो पाण्यानं जात नाही, आधी तेलाचा हात फिरवा.